किमान म्हणजे नेमकं किती?

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये बहुतेकांचं दुखणं एकच निघालं, कोड बरोबर, मशीन बरोबर, तरी बिल्ड होत नाही, म्हणजे कोडमधून चालणारा प्रोग्राम तयार होत नाही, आणि खोदून बघितलं की कुठेतरी व्हर्जनचा आकडा चुकीचा लिहिलेला असतो. म्हणून हे सदर सगळं त्यावरच. नवख्यांसाठी एवढंच, सीमेक आणि ग्रेडल ही बिल्ड करायला लागणारी टूल्स, रीडमी म्हणजे प्रोजेक्टसोबतची माहितीची फाइल, मेंटेनर म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणारा, आणि पुल रिक्वेस्ट म्हणजे त्याने घ्यावा म्हणून पाठवलेला बदल. जळगावच्या मुलाच्या पत्राला जास्त जागा दिलीये कारण त्याने एरर जसाच्या तसा लिहिला आणि प्रोजेक्टची फाइलही पाठवली. 'ताई, चालत नाही' एवढंच लिहिणाऱ्यांनी हे लक्षात घ्या.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मातीतल्या ओलाव्याच्या सेन्सरचं रीडिंग वाचणारी एक छोटी ओपन सोर्स सी प्लस प्लस लायब्ररी आहे, आमची रावेरकडे केळीची बाग आहे तिथे ड्रिपसाठी वापरून बघायचं डोक्यात होतं. बिल्ड करायला गेलो तर सीमेक म्हणे 'कम्पॅटिबिलिटी विथ सीमेक लेस दॅन ३.५ हॅज बीन रिमूव्ह्ड'. रीडमीमध्ये लिहिलंय सीमेक २.८ पाहिजे, फाइलीत ३.१ लिहिलंय, आणि माझ्याकडे ४.० आहे, म्हणजे माझं तर सगळ्यात नवं आहे ना, मग अडून कुठे राहिलं? मी ३.१ खोडून ४.० केलं, लगेच चाललं, पुल रिक्वेस्ट पाठवली, तर मेंटेनरने 'एवढं वर नेता येणार नाही' म्हणून बंद करून टाकली. माझं काय चुकून राहिलं?
— एक विद्यार्थी, जळगाव

उत्तर : चुकलं फार नाही रे, आणि जे चुकलं ते मीही करून बसलेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी अडलं का ते बघ. सीमेकच्या फाइलीत अगदी वर 'सीमेक मिनिमम रिक्वायर्ड' अशी ओळ असते, तिच्यातला आकडा दोन कामं करतो आणि आपल्याला त्यातलं एकच माहीत असतं. माहीत असलेलं काम म्हणजे याच्यापेक्षा जुना सीमेक असेल तर इथेच थांब. दुसरं काम असं की हा प्रोजेक्ट कोणत्या काळच्या नियमांवर लिहिलाय ते तो आकडा सीमेकला सांगतो. या नियमांना पॉलिसी म्हणतात, प्रत्येकीला नंबर असतो, सीएमपी००४८, सीएमपी००७७ असे. फाइलीत ३.१ दिसलं की नवाकोरा सीमेकसुद्धा मुद्दाम ३.१ च्या जमान्यासारखा वागतो, जुना प्रोजेक्ट मोडू नये म्हणून. आता ही जुन्यांची मर्जी किती वर्षं सांभाळणार? तर मार्च २०२५ मध्ये आलेल्या ४.० ने ३.५ च्या आधीची वागणूक काढूनच टाकली. घाई केली असं म्हणता येणार नाही, ३.५ हे २०१६ सालचं, आणि २०२३ च्या ३.२७ पासून वॉर्निंग छापून येत होती की बाबांनो हे जाणार आहे. पण बिल्ड पूर्ण झालं की वर काय पिवळं छापलंय ते कोण वाचतं, मी पण नाही वाचत.

म्हणजे तुझा सीमेक जुना आहे अशी तक्रार नव्हतीच. फाइलीतला आकडा इतका जुना आहे की तशी वागणूक आता माझ्याकडे उरलेली नाही, असं तो म्हणत होता.

मग ४.० लिहिलं तर बिघडलं काय? बघ, शेतातल्या मोटारीच्या पाटीवर व्होल्टेज लिहिलेलं असतं. ते ज्याने लिहिलं त्याने तेवढ्यावर मोटार चालवून बघितलेली असते. उद्या कुणी म्हटलं की आमच्या डीपीवर आज ४१५ येतंय म्हणून पाटीवर 'किमान ४१५' लिहून टाकू, तर निम्म्या शिवारातल्या मोटारी कागदावर बंद पडतील, कारण संध्याकाळी तेवढं कुणाकडेच येत नाही. तू हेच केलंस, तुझ्या लॅपटॉपवर जे होतं ते किमान म्हणून लिहिलंस. उबुंटू २२.०४ मध्ये सीमेक ३.२२ मिळतो, २४.०४ मध्ये ३.२८, डेबियन १३ मध्ये ३.३१. तुझ्या त्या एका ओळीने हे सगळे लोक बाहेर, आणि त्या लायब्ररीत ४.० चं असं काय वापरलंय? काहीच नाही, मी बघितलं.

माझी गोष्ट २०१८ च्या आसपासची. एका छोट्या प्रोजेक्टमध्ये मीही माझ्या मशीनवरचा आकडा ठोकून मोकळी झाले, वर रिलीज पण काढला, तोही छोट्या दुरुस्त्यांचा म्हणून. दोन दिवसांनी एकाचा निरोप आला, त्याच्या ऑफिसचा सर्व्हर सेंटओएस ७ वर, तिथला सीमेक २.८.१२, आणि त्याला सर्व्हरवर काही टाकायची परवानगी नाही. कालपर्यंत चालणारं माझ्यामुळे बंद. आकडा परत खाली आणला, काही मोडलं नाही, म्हणजे तो वर नेण्याची गरजच नव्हती. तेव्हापासून कान धरलेत.

आता खरा आकडा काढायचा कसा? चालवून. अंदाज नको, आणि कुठल्या ट्युटोरियलमधून कॉपी तर अजिबात नको, तुझ्या रीडमीतलं २.८ बहुतेक तसंच आलंय. सीमेकच्या साइटवर जुनी व्हर्जनं टार फाइलीत, म्हणजे झिपसारख्या गठ्ठ्यात, ठेवलेली आहेत, ती उघडायची, आतल्या बिन फोल्डरमधला सीमेक पूर्ण पाथ देऊन चालवायचा, इन्स्टॉल करायची गरज नाही, सूडो, म्हणजे ॲडमिनची परवानगी, लागत नाही, तुझ्या ४.० ला धक्काही लागत नाही. मी रविवारी सकाळी, लाइट होती तोवर, तुझी फाइल घेऊन बसले. वरचा आकडा तात्पुरता ३.१ च ठेवला म्हणजे जुना सीमेक दारातच अडवणार नाही. पहिल्यांदा ३.१० ने चालवली, दुसऱ्याच सेकंदाला 'इन्क्लूड कुड नॉट फाइंड लोड फाइल : फेचकंटेंट'. बरोबर आहे, फेचकंटेंट हे नेटवरून दुसऱ्या लायब्ररी ओढणारं मॉड्यूलच ३.११ मध्ये आलं. मग ३.१३, तिथे मॉड्यूल सापडलं पण पुढे 'अननोन सीमेक कमांड' म्हणून फेचकंटेंट मेकअव्हेलेबलवर आपटलं, ती कमांड ३.१४ ची. ३.१४ ने चालवलं, गुपचूप पूर्ण झालं, टेस्ट पण पास.

आणि हो, प्रत्येक वेळी बिल्ड फोल्डर पूर्ण डिलीट करायचा, हे मी विसरले आणि मधली वीस मिनिटं फुकट गेली, कारण आत कॅशची फाइल असते, तिच्यात आधीच्या सीमेकने लिहून ठेवलेलं सगळं असतं आणि मग तुम्ही नेमकं काय टेस्ट करताय ते तुम्हालाच कळत नाही.

म्हणजे रीडमीतलं २.८ खोटं, फाइलीतलं ३.१ खोटं, आणि तुझं ४.० पण खोटंच. खरं निघालं ३.१४. तेही पूर्ण खरं नाही, कारण रीडमीत शेवटी इन्स्टॉल करायला 'सीमेक डॅश डॅश इन्स्टॉल' अशी कमांड दिलीये आणि ती ३.१५ पासूनची. ३.१४ वाला माणूस बिल्ड करेल आणि शेवटच्या पायरीवर घसरेल. रीडमीतली कमांड हीसुद्धा व्हर्जनची अट असते, हे भले भले विसरतात. एकतर तिथे 'सीमेक डॅश डॅश बिल्ड' ला इन्स्टॉल टार्गेट द्यायची जुनी पद्धत लिही, नाहीतर आकडा वाढव.

मी असते तर ३.१६ लिहिलं असतं. कारण साधं आहे, उबुंटू २०.०४ मध्ये ३.१६ येतो, म्हणजे त्या उबुंटूच्या कंटेनरमध्ये, मशीनमधल्या त्या बंदिस्त जागेत, उबुंटूच्याच एपीटी या कमांडने सीमेक टाकला की सीआयमध्ये, म्हणजे आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवणाऱ्या व्यवस्थेत, रोज किमान व्हर्जनवर टेस्ट होते. ३.१४ लिहून ते कधीच न तपासण्यापेक्षा ३.१६ लिहून रोज तपासलेलं बरं. पण हा निर्णय मेंटेनरचा, तू दोन्ही आकडे कारणासकट त्यांच्यापुढे ठेव.

अजून एक, ओळीत नुसता एक आकडा न लिहिता ३.१६, मग तीन टिंबं, मग ३.३१ असं लिहिता येतं. याचा अर्थ किमान ३.१६ लागेल, आणि ३.३१ पर्यंतच्या नव्या पॉलिसी आम्ही पचवल्यात. लोकांना वाटतं दुसरा आकडा म्हणजे कमाल, त्याच्या वरचा सीमेक चालणार नाही, तसं नाहीये, ४.० वालाही आरामात चालवेल. इथे माझ्या मोटारीची उपमा संपते, मोटारीला जास्त व्होल्टेज दिलं तर जळते. ही टिंबांची पद्धत ३.१२ मध्ये आली, पण त्याआधीचा सीमेक टिंबांपुढचं सोडून देतो, गोंधळत नाही. फक्त दुसरा आकडा लिहिण्याआधी त्या व्हर्जनवरही एकदा चालवून बघ, पाटी ती पाटीच.

आता नवीन पुल रिक्वेस्ट. फक्त वरची ओळ बदलू नकोस. जुना आकडा सगळ्या प्रोजेक्टमध्ये शोध, एक्झाम्पल्सच्या फोल्डरमध्ये वेगळी सीमेकची फाइल आहे तिच्यात २.८.१२ आहे, मला दिसलं, म्हणजे तुझं मुख्य बिल्ड चाललं तरी एक्झाम्पल स्वतंत्र चालवणारा परत त्याच एररवर येणार. रीडमी, सीआयची फाइल, चेंजलॉग, सगळीकडे एकच आकडा. आणि वर्णनात नुसतं 'फिक्स्ड व्हर्जन' असं लिहू नको, मेंटेनर बिचारा रात्री जेवून झाल्यावर फुकटात बघतोय, त्याला लिही की ३.१० वर हा एरर, ३.१३ वर हा, ३.१४ ला पास, म्हणून हा आकडा. किमान आकडा वाढवणं म्हणजे काही लोकांसाठी दार बंद करणं, तेव्हा हे छोट्या दुरुस्तीच्या रिलीजमध्ये न घालता पुढच्या मोठ्या रिलीजमध्ये घ्या असंही सुचव. इथे मात्र २.८ आणि ३.१ वाल्यांसाठी ते आधीपासून बंदच होतं, फेचकंटेंट आलं त्या दिवसापासून, तेवढं एक वाक्य लिहिलंस तर मेंटेनरचा जीव भांड्यात पडेल.

प्रश्न : आमच्या प्रोजेक्टचा आकडा ३.१६ आहे, तरी सीमेक ४ वर तोच ३.५ वाला एरर येतो. फाइल दहा वेळा वाचली.
— चाळीसगावहून एक वाचक

उत्तर : तुमची फाइल वाचली, एररमध्ये कोणत्या फाइलीचं नाव आहे ते वाचलं का? माझी पैज आहे की थर्ड पार्टी अशा नावाच्या फोल्डरमध्ये कुणाचीतरी जुनी लायब्ररी सबमॉड्यूल म्हणून, म्हणजे तुमच्या प्रोजेक्टच्या आत जोडलेला दुसरा प्रोजेक्ट म्हणून, पडलेली आहे, तिच्यात स्वतःची मिनिमम रिक्वायर्डची ओळ आहे, आणि ती २.८ किंवा ३.० आहे. वरच्या फाइलीत तुम्ही काहीही लिहा, खालच्या फोल्डरने स्वतःचं वेगळं मांडलं की तिथे ते लागू होतं. आधी त्या लायब्ररीचं नवं व्हर्जन आलंय का बघा, ४.० नंतर पुष्कळ प्रोजेक्टनी एवढ्यासाठीच नवे रिलीज काढले. तोवर आजचं काम अडलं असेल तर सीमेक चालवताना 'सीमेक पॉलिसी व्हर्जन मिनिमम' हा व्हेरिएबल डॅश डी लावून ३.५ द्या, एररच्या मजकुरातच हा उपाय छापलेला असतो. पण तो कमांडवर द्या, फाइलीत सेट करून कमिट करू नका. सीमेकच्या डॉक्युमेंटेशनमध्येच सांगितलंय की हा बाहेरून द्यायचा व्हेरिएबल आहे, प्रोजेक्टने स्वतःची पॉलिसी ठरवायला तो वापरू नये.

प्रश्न : सीआयच्या फाइलीत पायथनचं व्हर्जन ३.९ होतं तोवर ठीक चाललं, ३.१० केलं तर म्हणतंय ३.१ सापडत नाही. शून्य खाल्लं कुणी?
— भुसावळ

उत्तर : यामलने खाल्लं, म्हणजे सीआयची फाइल ज्या फॉरमॅटमध्ये लिहितात त्याने. अवतरण चिन्हं नसतील तर यामल ३.१० ला साधा दशांश आकडा समजतो, आणि दशांशात ३.१० आणि ३.१ एकच, शाळेत शिकलोच आपण. अवतरणात टाका, म्हणजे तो मजकूर म्हणून जाईल, शून्य शाबूत राहील.

व्हर्जन हा दशांश आकडा नसतोच मुळी. सातबाऱ्यावर गट नंबर १२/९ च्या पुढे १२/१० येतो, तो काही १२/१ नसतो, तसं वाचायचं. टिंबाच्या डावीकडचं वेगळं, उजवीकडचं वेगळं. सीमेकच्या फाइलीतही हीच गफलत करतात, दोन व्हर्जनची तुलना नुसत्या 'लेस' ने करतात, मग ३.१० हे ३.९ पेक्षा लहान ठरतं आणि नको ती फांदी चालते. तिथे 'व्हर्जन लेस' वापरायचं, तो तुकडे पाडून तुलना करतो. ही चूक गंमत म्हणजे ३.९ पर्यंत कधीच दिसत नाही, दहा आलं की फुटते.

प्रश्न : गावात ग्रामपंचायतीच्या पाणीपट्टीसाठी कुणीतरी बनवलेलं ओपन सोर्स अँड्रॉइड ॲप आहे, ते आपल्या अहिराणीत करावं म्हणून डाउनलोड केलं. नव्या लॅपटॉपवर जावा २१ टाकलाय. ग्रेडल चालवलं की 'अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६५'. हा ६५ काय प्रकार आहे भो?
— शिरपूर, जि. धुळे

उत्तर : ६५ मधून ४४ वजा करा, २१ उरले, तो तुमचा जावा. हीच वजाबाकी सगळीकडे चालते, ६१ म्हणजे जावा १७, ५२ म्हणजे जावा ८. एररचा अर्थ असा की प्रोजेक्टमधला ग्रेडल जावा २१ च्या आधीचा आहे, त्याला ही भाषा कळत नाही. जावा २१ वर चालायला ग्रेडल ८.५ किंवा पुढचा लागतो.

घाईने ग्रेडल वाढवू नका मात्र. ग्रेडलचं सीमेकपेक्षा वेगळं आहे, तिथे प्रोजेक्टसोबत रॅपर येतो, म्हणजे ग्रेडल उतरवून चालवणारी ग्रेडलडब्ल्यू नावाची छोटी स्क्रिप्ट, त्याच्या प्रॉपर्टीज फाइलीत नेमकं कोणतं व्हर्जन उतरवायचं ते लिहिलेलं असतं. ते किमान नसतं, तेच आणि तेवढंच असतं. म्हणून मशीनवर वेगळा ग्रेडल न टाकता प्रोजेक्टमधला ग्रेडलडब्ल्यू चालवायचा. तुम्ही भाषांतरासाठी आलात ना, मग सरळ जावा १७ टाका, अँड्रॉइडच्या ग्रेडल प्लगिनला ८.० पासून जावा १७ च लागतो, प्लगिन त्याच्या आधीचा असेल तर ११ ने बघा, आणि मुकाट अहिराणीचं काम करा. सोबत रीडमीत 'जावा १७ लागतो' एवढी ओळ नसेल तर तिची वेगळी पुल रिक्वेस्ट द्या, भाषांतरासोबत एकत्र कालवू नका, नाहीतर ग्रेडलवरच्या चर्चेत तुमची अहिराणी सहा महिने लटकेल.

प्रश्न : आमच्या जावास्क्रिप्ट प्रोजेक्टच्या पॅकेज जेसन फाइलीत एंजिन्सखाली नोड २० लिहिलं तरी लोक १६ वर चालवून बग टाकतात. एवढं स्पष्ट लिहून काय उपयोग?
— अमळनेर

उत्तर : एनपीएम, म्हणजे नोडची पॅकेजं इन्स्टॉल करणारं टूल, त्यावर नुसती वॉर्निंग देऊन पुढे जातो. प्रोजेक्टच्या एनपीएमआरसी फाइलीत एंजिन स्ट्रिक्ट ट्रू करा, मग तुमच्या प्रोजेक्टमध्ये इन्स्टॉल करतानाच अडेल. गो भाषेतही असंच होतं, गो डॉट मॉड फाइलीतली गो व्हर्जनची ओळ नुसती सूचनेसारखी होती, २०२३ मध्ये आलेल्या १.२१ पासून ती सक्तीची झाली. बग टाकणाऱ्यांना मात्र शिव्या देऊ नका, तुमची अट त्यांना दिसलीच नव्हती.

प्रश्न : आमच्या तंत्रनिकेतनाच्या लॅबमध्ये चाळीस मशीन, सगळ्यांवर उबुंटू १८.०४, ॲडमिनचा पासवर्ड आमच्याकडे नाही, इंटरनेट कधी असतं कधी नसतं. मुलांना एक ओपन सोर्स प्रोजेक्ट बिल्ड करून दाखवायचाय, त्याला सीमेक ३.१६ लागतो आणि आमच्याकडे ३.१० आहे. त्या प्रोजेक्टवाल्यांना किमान आकडा खाली आणायची विनंती करावी का?
— एक शिक्षक, धुळे

उत्तर : सर, विनंती करायला हरकत नाही पण त्यांनी नाही म्हटलं तर रागावू नका, १८.०४ चा नेहमीचा सपोर्ट २०२३ मध्येच संपलाय आणि त्यासाठी त्यांनी जुन्या कमांड परत लिहाव्यात ही अपेक्षा जरा जास्त होते. ३.१६ त्यांनी खरंच तपासून लिहिलंय की कुणाच्या लॅपटॉपवरून उचललंय, हे मात्र जरूर बघा, वर जळगावच्या मुलासाठी केलं तसं ३.१० ने चालवून. मुलांसमोरच करा, पहिला एरर जिथे येईल ती कमांड कोणत्या व्हर्जनची आहे ते त्यांना डॉक्युमेंटेशनमध्ये शोधायला लावा, एक प्रॅक्टिकल तिथेच होऊन जाईल.

आणि ३.१६ खराच निघाला तर घरून सीमेकची लिनक्सची टार फाइल पेनड्राइव्हवर आणा. प्रत्येक मुलाने ती आपल्या होम फोल्डरमध्ये उघडायची आणि बॅशआरसीमध्ये, म्हणजे टर्मिनल उघडताना वाचली जाते त्या फाइलीत, तिचा बिन फोल्डर पाथच्या, म्हणजे कमांड जिथे शोधल्या जातात त्या यादीच्या, सुरुवातीला जोडायचा. सुरुवातीलाच, शेवटी जोडला तर आधी सिस्टिमचा ३.१० च सापडेल आणि चाळीस मुलं एकदम 'सर, होत नाहीये' म्हणतील. नवं टर्मिनल उघडून सीमेकचं व्हर्जन विचारा, ३.१६ च्या वरचा आकडा दिसला की पुढे चला. प्रोजेक्ट स्वतः नेटवरून काही ओढत असेल, फेचकंटेंटसारखं, तर तेही आधी घरी उतरवून पेनड्राइव्हवर घ्या, सोर्सचा फोल्डर हाताने द्यायची सोय फेचकंटेंटमध्ये आहे, 'फेचकंटेंट सोर्स डीआयआर' आणि पुढे त्या लायब्ररीचं नाव मोठ्या अक्षरांत, हाही डॅश डी लावून कमांडवरच द्यायचा.